दवंडी, चावडी आणि संज्ञापनाचा अभ्यास

बारावीचे निकाल लागले की पुण्यातल्या अनेक घरांत एक प्रश्न निघतो. मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘मला मास कॉम करायचंय.’ वडील विचारतात, ‘म्हणजे टीव्हीवर बातम्या देणार का?’ आई विचारते, ‘की जाहिरातींत काम?’ मुलांनाही नेमके उत्तर देता येत नाही. कॅमेरा, एडिटिंग, सोशल मीडिया असे काहीतरी सांगून ती वेळ निभावून नेतात. या अभ्यासक्रमाची फी काही ठिकाणी सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे, तर काही ठिकाणी ऐकूनच घाम फुटावा इतकी आहे. एवढे पैसे आणि आयुष्यातली दोन-तीन वर्षे ज्यात घालायची, तो विषय नेमका आहे तरी काय, हे समजून घेण्याचा प्रयत्न मी या लेखात करतो आहे.

आधीच सांगतो, मी हा विषय कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नोकरी करत असताना ग्रंथालयांत बसून वाचत गेलो आणि वाचता वाचता या विषयात गुंतलो. परीक्षा द्यायची नसल्यामुळे एक फायदा झाला. जे वाचले ते आपल्या गावांशी, आपल्या भाषेशी जुळते का, हे सावकाश पडताळून पाहता आले.

थोडक्यात व्याख्या करायची तर एका माणसाच्या मनातली गोष्ट दुसऱ्यापर्यंत कशी पोचते, वाटेत तिचे काय होते आणि पोचल्यावर त्या दोघांचे काय होते, याचा अभ्यास म्हणजे संज्ञापनाचा अभ्यास. पत्रकारिता, जाहिरात, चित्रपट, जनसंपर्क हे या विषयावर उभे असलेले व्यवसाय आहेत. वैद्यकशास्त्र आणि औषधाचे दुकान यांत जो फरक आहे, तसाच काहीसा फरक इथे आहे. दुकान चालवायला शिकण्यात कमीपणा काहीच नाही. पण दुकानदारी शिकून झाली म्हणजे शरीर कळले, असे मात्र कोणी म्हणत नाही.

शब्दांतच अडचण

इंग्रजीतल्या ‘कम्युनिकेशन’ला मराठीत एक शब्द नाही, चार-पाच आहेत. सरकारी कामकाजात बराच काळ ‘दळणवळण’ चालला, त्यामुळे रस्ते, रेल्वे आणि टपाल एकाच पंक्तीत बसले. विद्यापीठांनी ‘संज्ञापन’ घेतला. काही लेखक ‘संप्रेषण’ लिहितात. रोजच्या बोलण्यात आपण ‘संवाद’ म्हणतो.

हे शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. ‘ज्ञापन’ म्हणजे कळवणे आणि ‘प्रेषण’ म्हणजे पाठवणे. या दोन्ही शब्दांत एक जण देणारा आहे आणि दुसरा घेणारा. ‘संवाद’ म्हटले की दोघेही बोलणारे लागतात. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘सामायिक करणे’ असा आहे. सामायिक विहीर किंवा सामायिक बांध यातला सामायिक. म्हणजे मूळ कल्पना संवादाच्या जवळची होती आणि आपण पारिभाषिक शब्द मात्र पाठवण्याच्या बाजूने घडवले. शब्दाने घेतलेले हे वळण अभ्यासक्रमांतही उतरले आहे, असे मला वाटते.

समजायला सोपे जावे म्हणून मी दोन जुने शब्द वापरतो, दवंडी आणि चावडी. कोतवाल हलगी वाजवत गावातून जातो आणि हुकूम सांगतो, ही दवंडी. ती ऐकायची असते. तिला प्रश्न विचारता येत नाही, कारण कोतवाल पुढच्या आळीत गेलेला असतो. चावडीवर किंवा पारावर त्याच हुकमाची चर्चा होते. याचा अर्थ काय, खरे कशावरून, आपण काय करायचे, हे तिथे ठरते. पहिली बातमी पोचवते, दुसरी तिचा अर्थ लावते.

तारायंत्राचा नमुना

संज्ञापनाच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत दोन नावे हमखास भेटतात. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९४८ साली या अभ्यासाची पाच प्रश्नांत मांडणी केली. कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या मार्गाने बोलतो, कोणाशी बोलतो आणि त्याचा परिणाम काय होतो. त्याच वर्षी बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाचा प्रसिद्ध निबंध आला. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह तो पुस्तकरूपाने निघाला. संदेशाचा उगम, प्रेषक, मार्ग, वाटेतला गोंगाट, ग्राहक, अशी त्याची आकृती आहे.

शॅनन यांच्यापुढचा प्रश्न अभियांत्रिकीचा होता. तारेच्या एका टोकाला दिलेला संकेत दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा मिळेल? संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. आज आपल्या हातातला मोबाइल चालतो त्यामागे हे गणित आहे, त्यामुळे त्याचे मोठेपण वादातीत आहे. गडबड झाली ती नंतर. तारेसाठी काढलेली आकृती माणसांच्या बोलण्याची आकृती म्हणून वर्गातल्या फळ्यावर गेली. या आकृतीत ऐकणारा माणूस म्हणजे तारेचे दुसरे टोक. त्याला शेजारी नाहीत, जात नाही, भाऊबंदकी नाही, शंका नाहीत.

याला पहिला धक्का खुद्द अमेरिकेतच बसला होता. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातल्या एका परगण्यात पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वृत्तपत्रे थेट मते फिरवतात, ही समजूत त्यात टिकली नाही. लोक आपल्या ओळखीतल्या जाणत्या माणसांचे ऐकत होते आणि ती जाणती माणसे रेडिओ-वृत्तपत्रांकडे लक्ष ठेवून होती. १९४४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर दवंडी चावडीवरून गाळून घराघरांत जाते, हे त्यांना आढळले.

१९५६, पुणे आणि आसपासची दीडशे गावे

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. विकासासाठी माध्यमे कशी वापरावीत, या विषयावरच्या जगभरच्या पुस्तकांत ‘पूना’ हे नाव येते. कारण आहे १९५६ सालचा एक प्रयोग. पुण्यात हा विषय शिकणारे जे विद्यार्थी मला भेटतात, त्यांना मी या प्रयोगाबद्दल विचारतो. बहुतेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसते.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी रेडिओवर एक कार्यक्रम चाले. शेजारपाजारचे शेतकरी एका घरी जमून तो ऐकत, नंतर चर्चा करत आणि आपले मत कळवत. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने ही पद्धत आपल्याकडे करून पाहायचे ठरवले आणि त्यासाठी तत्कालीन मुंबई राज्यातले पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे निवडले. सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट तयार झाले. एका गटात साधारण वीस माणसे, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. १९ फेब्रुवारी १९५६ पासून एप्रिलअखेरपर्यंत, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम होई. शेती, आरोग्य, शिक्षण, सहकार असे विषय असत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून गट चर्चेला बसे. निमंत्रक चर्चेचा वृत्तांत आणि अनुत्तरित प्रश्न आकाशवाणीला कळवी आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे दिली जात.

इथपर्यंत हा एक चांगला सरकारी उपक्रम झाला. त्याला संशोधनाचे मोल आले ते तुलनेमुळे. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. श्रोतेगट असलेल्या गावांबरोबर गट नसलेली गावेही निवडली होती. त्यांतल्या काही गावांत रेडिओ होता, काहींत नव्हता. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर लोकांना त्या विषयांवर प्रश्न विचारले गेले. गट असलेल्या गावांत माहिती लक्षणीय वाढली होती. जिथे गट नव्हता तिथे फरक नगण्य होता, गावात रेडिओ असूनही.

हा निष्कर्ष नीट समजून घ्यायला हवा. आवाज तोच, भाषा तीच, मजकूर तोच. तारेच्या आकृतीप्रमाणे संदेश दोन्हीकडे पोचायला हवा होता. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या बैठकीचा. त्यातही बैठकीला ठरलेली वेळ होती, समोर एक विषय होता, चर्चा पुढे नेणारा निमंत्रक होता आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येणार याची खात्री होती. काही गावांत हे गट बोलण्यावर थांबले नाहीत. विहिरी खोदल्या गेल्या, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणल्या गेल्या, बालवाड्या निघाल्या. गावाची सामायिक कामे निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही हे गट लवकर मार्गी लावतात, असे निरीक्षण अभ्यासकांनी नोंदवले.

या प्रयोगाचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर दोन नावे आहेत. एक जगदीशचंद्र माथुर, आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक आणि ‘कोणार्क’ या हिंदी नाटकाचे लेखक. दुसरे पॉल न्यूराथ, व्हिएन्नात वाढलेले समाजशास्त्रज्ञ. १९३८ साली नाझींनी त्यांना पकडून दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबले होते. तिथून सुटल्यावर ते अमेरिकेत गेले आणि कोलंबिया विद्यापीठात त्या छावण्यांतल्याच समाजजीवनावर त्यांनी प्रबंध लिहिला. ज्या राजवटीने रेडिओचा उपयोग एकाच आवाजाची दवंडी घराघरांत घुमवण्यासाठी केला, तिच्या तावडीतून सुटलेला हा माणूस. पुढे तो आपल्याकडे आला आणि रेडिओ बंद झाल्यावर आपले शेतकरी काय बोलतात, याचा अभ्यास करत बसला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली. गटांची संख्या वाढली. पण निमंत्रकांचे प्रशिक्षण आणि प्रश्नांना वेळेवर उत्तरे या दोन गोष्टी पुण्याच्या प्रयोगाचा प्राण होत्या. मोठ्या प्रमाणावर हा जिव्हाळा टिकवणे अवघड गेले आणि योजना हळूहळू विरली.

चावडीचीही दुसरी बाजू

मी चावडीचे गोडवे गातो आहे, असा समज होऊ नये. परंपरेने गावोगाव सांगावा नेण्याचे काम ज्या महार समाजावर लादलेले होते, त्यालाच चावडीवर बरोबरीने बसायची मुभा नव्हती. निरोप नेणाऱ्याला मत विचारायचे नाही, ही आपली जुनी व्यवस्था आहे. बायकांनाही चावडीवर जागा नव्हती. त्यामुळे कोण बोलतो या प्रश्नाइतकाच कोणाला बोलू दिले जात नाही हा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि तो महाराष्ट्राने फार आधी विचारलेला आहे.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केले. ज्यांचे म्हणणे छापले जात नव्हते त्यांच्यासाठी हे पत्र होते. सत्यशोधकांनी जलसे केले, कारण आपला श्रोता वाचू शकत नाही हे त्यांना ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले. त्या नावातच संज्ञापनाचा एक सिद्धान्त आहे. समाजातल्या एका मोठ्या वर्गाला वाचा असूनही ती ऐकली जात नाही, तेव्हा तो मुका ठरवला जातो. लासवेलच्या पाच प्रश्नांत या सहाव्या प्रश्नाला जागा नाही. पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तो इथल्याच मातीत मिळतो.

शहर आणि त्याचे वर्ग

संज्ञापनाच्या शिक्षणाला पुण्याइतकी सोयीची शहरे देशात थोडीच असतील. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा विभाग १९६४ पासून आहे. ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’चे लेखक अरुण साधू यांनी काही वर्षे त्याचे प्रमुखपद सांभाळले. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली चित्रपट संस्था स्थापन झाली, पुढे दूरचित्रवाणीचे प्रशिक्षणही तिथे आले. १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले. विद्यापीठाच्या आवारात शैक्षणिक माध्यम केंद्र आणि माध्यम अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. सिंबायोसिसची जनसंज्ञापन संस्था १९९० पासूनची. त्यानंतरच्या खासगी महाविद्यालयांची तर मोजदाद नको.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग विद्यापीठाच्या आवारातल्या माध्यम विभागात विलीन करण्याचा निर्णय पुढे आला. आजी-माजी विद्यार्थ्यांनी तीव्र विरोध केला आणि निर्णय थांबला. त्या वेळच्या बातम्या मी बारकाईने वाचल्या. वास्तूचे काय, जागेचे काय, परंपरेचे काय, हे प्रश्न योग्यच होते. पण दोन विभाग वेगळे का आहेत, एकात काय शिकवावे आणि दुसऱ्यात काय, यावर फारसे काही वाचायला मिळाले नाही. वृत्तपत्रविद्या हा व्यवसाय आहे आणि संज्ञापन ही विद्याशाखा आहे, हा फरक त्या निमित्ताने तरी लोकांपुढे यायला हवा होता.

विद्यार्थ्यांशी बोलताना जाणवते की त्यांचा बहुतेक वेळ तयार करण्यात जातो. बातमी तयार करणे, लघुपट तयार करणे, आता तीस सेकंदांचा व्हिडिओ तयार करणे. नोकरीसाठी ते लागतेच. पण तयार केलेली गोष्ट कोणी पाहिली, त्यातून काय घेतले, काय टाकले, पुढे कोणाला काय सांगितले, हे पाहायला त्यांना क्वचितच पाठवले जाते. दवंडी कशी द्यावी हे शिकवले जाते, चावडीकडे लक्ष जात नाही.

राईनपाड्याचा धडा

याने बिघडते काय, असे कोणी विचारेल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात जे घडले ते आठवावे. त्या दिवशी आठवडे बाजार होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे आले होते. संशयावरून जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेले आणि तिथेच मारून टाकले.

शॅननच्या गणिताने पाहिले तर इथे काहीच चुकले नव्हते. संदेश एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा, गोंगाटाशिवाय पोचला होता. माणसेही एकत्र जमली होती, आणि तीही पंचायतीच्या दारात. १९५६ च्या गटांत जे होते तेवढे तिथे नव्हते. हे खरे कशावरून असे विचारणारा निमंत्रक नव्हता, प्रश्न पाठवायला जागा नव्हती, उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ कोणी दिला नाही. आणि भटक्या समाजाच्या त्या पाच जणांचे म्हणणे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नव्हती. गर्दी जमली म्हणजे चावडी भरली, असे होत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो तारेवरचा उपाय होता आणि गरजेचाही होता. माणसांकडचा उपाय कोणी करायचा, हा प्रश्न संज्ञापनाच्या विभागांचा आहे. अफवा एखाद्या पाड्यावर कोणामार्फत आली, कोणी तिला शंका घेतली, शंका घेणाऱ्याचे कोणी का ऐकले नाही, हे शोधणारा विद्यार्थी तयार करणे हे त्यांचे काम आहे.

मग काय शिकावे?

जी मुले हा विषय घेत आहेत, त्यांना आणि त्यांच्या पालकांना माझे सांगणे साधे आहे. प्रवेश घेताना स्टुडिओ किती मोठा आहे हे जरूर पाहा. त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. इथे श्रोत्यांचा किंवा प्रेक्षकांचा अभ्यास शिकवतात का? लोकांना प्रश्न कसे विचारायचे, तुलना कशी करायची, मिळालेले आकडे कसे वाचायचे, हे शिकवतात का? आणि मराठीतून लिहिलेला प्रकल्प चालतो का?

तिसरा प्रश्न भाषाभिमानाचा नाही. १९५६ चे कार्यक्रम मराठीत झाले, चर्चा मराठीत झाल्या, शेतकऱ्यांचे प्रश्न मराठीत होते. आपल्या हाती राहिला तो इंग्रजी अहवाल. शेतकऱ्याने नेमके काय विचारले, कोणत्या शब्दांत विचारले, हे त्यातून पुरते कळत नाही. अशी नोंद पुढच्या अभ्यासकाला मराठीत मिळायची असेल, तर ती आज कोणीतरी मराठीत करून ठेवायला हवी.

काम छोटे असले तरी चालेल. महापालिकेने पाणी बंद ठेवण्याची सूचना दिली, तर ती सोसायटीत किती वेळात पोचते आणि शेजारच्या वस्तीत किती वेळात, हे दोन विद्यार्थी एका आठवड्यात पाहू शकतात. लसीकरणाची माहिती आशाताईंकडून ऐकलेल्या आणि फक्त मोबाइलवर पाहिलेल्या बायकांना काय काय आठवते, याची तुलना करता येईल. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. वही, पेन आणि समोरच्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत गप्प बसण्याची सवय लागते. ज्या दीडशे गावांत तो प्रयोग झाला, तिथे तेव्हा विशीत असलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत. एखाद्या विभागाने ठरवले, तर त्यांच्यापैकी कोणाच्या तरी आठवणी अजून टिपता येतील. ते काम यंदाच्या वर्षी हाती घेतले तरच होण्यासारखे आहे.